लाकडी चमचे कोरताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी अमरावती जिल्ह्यातल्या वरुड तालुक्यातला. वावराचं काम आटोपलं की संध्याकाळी ओट्यावर बसून चमचे कोरतो. सात वर्षं झाली. येणारा-जाणारा ढलप्यांचा ढीग पाहून थांबतो आणि काहीतरी विचारतोच. तीच ती उत्तरं देऊन तोंड दुखलं, म्हणून एकदाची लिहून काढली.

चमचा बाजारात मिळत नाही का? एवढी मेहनत काहून?

मिळतो, आणि स्वस्तही मिळतो. कोणी भजनाला जातं, कोणी पारावर पत्ते कुटतं, मी चमचे कोरतो. फायदाच पाहिजे असेल तर एवढा सांगता येईल: लाकडाचा चाटू कढईत विसरला तरी हात पोळत नाही आणि नॉनस्टिक भांड्याला ओरखडे पडत नाहीत.

कोणतं लाकूड चांगलं?

आमच्या भागात पहिलं नाव संत्र्याचं. वाचून हसू येईल, कारण संत्र्याचं झाड आपण फळासाठी ओळखतो आणि वाळलं की चुलीत घालतो. पण त्याचं लाकूड फिकट पिवळं, बारीक रेषांचं आणि घट्ट असतं. त्याचा चमचा गुळगुळीत निघतो आणि ओठाला खरखरत नाही. काटोल, वरुड, मोर्शीकडे दरवर्षी कुठे ना कुठे जुनी बाग निघतेच. ज्याची बाग निघतेय त्याला आधीच सांगून ठेवा, मनगटापेक्षा थोड्या जाड चार-पाच फांद्या कोणीही देतो. बुंधा मात्र मी घेत नाही. डिंक्या, म्हणजे डिंक गळायचा रोग, होऊ नये म्हणून बुंध्याला दरवर्षी बोर्डो पेस्ट फासलेली असते, म्हणजे मोरचूद आणि चुना. तो निळसर-पांढरा थर सालीच्या भेगांत बसलेला असतो. खायच्या चमच्याला ती जोखीम कशाला? फांद्या घ्या, साल पूर्ण काढा. आणि सल, म्हणजे झाडावरच वाळलेल्या काड्या-फांद्या, काढल्यावर जो ढीग पडतो तो या कामाचा नाही. तो हाडासारखा कडक असतो.

दुसरं जांबाचं, म्हणजे पुण्या-मुंबईकडचे ज्याला पेरू म्हणतात त्याचं. लहानपणी गुलेरीसाठी आपण जांबाचीच बेचकी शोधायचो. का, ते चमचा कोरताना कळतं. लाकूड चिवट, सहसा फाटत नाही.

अगदी पहिल्या चमच्यासाठी मात्र शिवण. हलकं, मऊ, वाळताना फारसं आक्रसत नाही, चाकू लोण्यासारखा चालतो. सुबाभूळ धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, फुकट उगवते, तीही चालते. कडुनिंबाचा चमचा सुरुवातीला कडवट लागतो, दोन-चार वेळा गरम पाण्याने धुतला की कडूपणा बराच जातो. बाभूळ ओली असताना कोरा, वाळल्यावर तिच्यापुढे हात टेकावे लागतात. बैलगाडीची चाकं बाभळीची करायचे ते उगाच नाही. चिंच मी दोनदा घेतली. रेषा एकमेकांत गुंतलेल्या, कुठूनही चाकू लावला तरी उलटाच. तिसऱ्यांदा घेतली नाही.

सागाचा चमचा का नाही करत? इकडे तर सागच साग.

साग खिडकी-दारांना राजा आहे. पण त्याच्या लाकडात सिलिका असते, ती धार खाऊन टाकते. लाकूड तेलकट, वास उग्र, आणि भुसा नाकात गेला की काही जणांना शिंका, काहींना अंगावर पुरळ. वाढयाकडे, म्हणजे सुताराकडे, दार बनताना उरलेला सागाचा तुकडा वाळलेलाच असतो, हाताने कोरायला नको वाटतो. भाजी ढवळायचा साधा चपटा सराटा करायचा असेल तर करा.

कोणत्या लाकडाला हातच लावू नये?

कण्हेर. लाल, पांढरी, पिवळी, कोणतीही. अंगणात असते, लाकूड सरळ आणि मऊ दिसतं, म्हणूनच मुद्दाम सांगतो: ती विषारी आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडे काजऱ्याचं झाड असतं, कुचला म्हणतात त्याला, तेही विषारी. बिब्ब्याने अंग उततं हे सगळ्यांना माहीत आहे. चिकाची झाडं सोडा, रुई सोडा. झाड ओळखू येत नसेल तर त्याचा चमचा नको. ज्यांची फळं आपण खातो त्या झाडांची नावं मी आधी घेतो ती यासाठीच.

लाकूड ओलं घ्यायचं की वाळलेलं?

ओलं. सगळे इथेच चुकतात, कारण आपल्या डोक्यात वाढयाचं काम असतं. वाढयाला वाळलेलं लाकूड लागतं, कारण दार नंतर आक्रसलं तर चौकटीत फट पडते. चमच्याला चौकट नाही. तो थोडा वाकला तर वाकला. ओलं लाकूड निम्म्या ताकदीत कापलं जातं, ढलपी लांब आणि ओलसर निघते, आणि चाकूची धार टिकते.

ओल्या लाकडाचा त्रास एकच, ते तडकतं. काहून तडकतं ते समजून घेतलं तर निम्मे चमचे वाचतात. लाकडातलं पाणी आधी पोकळ्यांतून जातं, तेव्हा काही होत नाही. ओलावा साधारण ३० टक्क्यांच्या खाली आला की रेषांच्या भिंतींमधलं पाणी जायला लागतं आणि लाकूड आक्रसतं. ते सगळीकडे सारखं आक्रसत नाही. वर्तुळांच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या जवळपास निम्मं गाभ्याकडून सालीकडे. मग मधोमध गाभा असलेला गोल तुकडा फाटणार नाही तर काय करणार! म्हणून फांदी आधी उभी चिरायची, गाभ्यातून बरोबर दोन फाका, आणि प्रत्येक फाकेतला गाभ्याचा बोटभर भाग तासून टाकायचा. गाभा चमच्यात राहिला की चीर ठरलेली.

एप्रिल-मेमध्ये चमचा हमखास तडकतो. काय करावं?

माझा पहिला चमचा असाच गेला. चैत्र होता. कोरून झाला, वाटलं उन्हात लवकर वाळेल, म्हणून गोठ्याच्या टिनावर ठेवला. सकाळी दहाला ठेवला, जेवायला आलो तेव्हा वाटीपासून दांड्यापर्यंत सरळ चीर. पाऱ्याची पंचेचाळिशी आणि ती कोरडी वाफ. वरचा थर वाळतो, आतला ओला राहतो, ताण येतो आणि फाटतं.

आता मी अर्धवट कोरलेला चमचा कुटारात पुरतो. गव्हाचं कुटार, म्हणजे मळणीनंतरचा भुसा, पोत्यात भरलेलं. त्यात हवा असते पण वारा नसतो, त्यामुळे ओल हळूहळू जाते. कुटार नसेल तर त्याच चमच्याच्या ढलप्या कागदी पिशवीत भरून त्यात ठेवा, दोन दिवसांनी ढलप्या बदला. पहिला आठवडा घरातल्या सगळ्यात थंड कोपऱ्यात, कूलरच्या झोतात अजिबात नाही.

न कोरलेली फांदी असेल तर तोडल्या-तोडल्या दोन्ही तोंडांना फेविकॉल किंवा वितळवलेलं मेण फासा. पाणी सगळ्यात जोरात तोंडातूनच जातं. फांदीचा तुकडा लांबलचकच ठेवा, टोकाचे दोन-तीन इंच वाया गेले तरी मधलं वाचतं. काम अर्धं टाकून उठायचं असेल तर ओल्या फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत. मी फ्रिजमध्येही ठेवतो. आईचं त्यावर म्हणणं असं, की "आधी लोक फ्रिजमदी भाजी ठेवत, आता लाकडं ठेवा."

पावसाळ्यात उलट. तडकत नाही, पण आठ दिवसांत काळी बुरशी येते. तेव्हा कुटार नको, मोकळ्या हवेत टांगा. दिवाळी ते संक्रांत हे दिवस सगळ्यात निवांत, फार काही जपावं लागत नाही.

वाळला की नाही ते कसं ओळखायचं? गालाला लावा. ओलं लाकूड गार लागतं. खात्रीच हवी असेल तर घरच्या छोट्या डिजिटल काट्यावर रोज वजन करा. दोन दिवस आकडा तोच राहिला म्हणजे झालं.

हत्यारं कोणती लागतात? कुठे मिळतात?

तीन: लहान कुऱ्हाड, सरळ चाकू आणि वाकड्या पात्याचा चाकू. हौशी लोक त्याला हुक नाइफ म्हणतात. वाटी त्यानेच कोरतात. स्वीडनमधल्या मोरा गावचे चाकू ऑनलाइन मिळतात, सरळ १०६ नंबरचा आणि वाकडा १६४. चांगले आहेत. पण मी माझी हत्यारं लोहाराकडून करून घेतली, आणि तुम्हालाही तेच सांगीन.

ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा गॅरेजमध्ये मिळतो. पोळ्याच्या आधी किंवा पेरणीच्या आधी गावात गाडीलोहार उतरतात, त्यांना द्या. सांगताना तोंडी सांगू नका. पुठ्ठ्यावर आकार कापून द्या, नाहीतर इळा होऊन येतो. माझ्याकडे तसा एक आहे, कांदे कापायच्या कामाचा. पात्याला पाणी नीट द्यायला सांगा: पातं लाल करायचं, चुंबक चिकटायचं थांबलं की तेलात बुडवायचं, आणि मग पुन्हा मंद आचेवर वाळक्या गवतासारखा पिवळा रंग येईपर्यंत तापवायचं. हे दुसरं तापवणं राहिलं तर पातं काचेसारखं तुटतं.

वाढयाकडची गोल पटाशीही वाटी कोरायला चालते, पण मग चमचा शिकंजात धरावा लागतो. आमच्या गावचे वाढई काका तान्ह्या पोळ्याचे, म्हणजे लहान पोरांच्या पोळ्याचे, लाकडी नंदी करतात. नंदीच्या पोटाखालची खोबण ते पटाशीनेच काढतात. हात असा चालतो की पाहत बसावं.

धार किती हवी?

वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापला गेला पाहिजे, फाटता कामा नये. बोथट चाकूला जोर लागतो, जोर लावला की तो सटकतो. मला पडलेले तिन्ही टाके बोथट चाकूचे आहेत.

काचेच्या तुकड्यावर पाण्याचा पॉलिश पेपर चिकटवा. ४०० नंबरचा, मग ८००, १२००, २०००. पात्याचा उतार पूर्ण टेकवून पाजवायचं, टोक उचलायचं नाही. शेवटी जुन्या कातडी पट्ट्यावर हिरवी पॉलिशची वडी घासून त्यावर पातं मागे ओढायचं. वाकड्या पात्याला हाच पेपर पाइपच्या तुकड्याभोवती गुंडाळून आतून घासा. कोरताना दर वीस मिनिटांनी पट्ट्यावर दहा हात मारले तर पेपर महिनोन्महिने लागत नाही.

चमचा नेमका कोरायचा कसा?

समजा वीतभर लांब, मूठभर जाड फांदीची फाक घेतली. गाभा तासला, सपाट बाजूवर पेन्सिलने आकार काढला. खायचा चमचा १८ ते २० सेंटीमीटर लांब आणि वाटी ४ सेंटीमीटर रुंद पुरते. यापेक्षा रुंद केली तर काय होतं ते मला आईने सांगितलं. "हे चमचा होय का होडगं? तोंडात कसा जाईन?" मी कौतुकाने तिच्यापुढे धरला होता.

आता फाक बाजूने पाहा. वाटी आणि दांडा एका सरळ रेषेत असेल तर तो चमचा नव्हे, उलथणं. दांडा वाटीकडे येताना खाली उतरला पाहिजे आणि वाटीचं तोंड पुन्हा थोडं वर आलं पाहिजे. हा वाक कुऱ्हाडीनेच काढायचा, चाकूपर्यंत ठेवायचा नाही. बाभळीच्या खोडक्यावर फाक उभी धरा, कुऱ्हाड मानेजवळ धरा, आणि लहान-लहान घाव. आधी आडव्या खाचा मारून घ्यायच्या, मग त्या खाचांपर्यंत ढलप्या उडवायच्या. खाच असली की ढलपी तिथेच थांबते, पुढे फाटत जात नाही.

मग चाकू. इथे लाकडाची रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, समजली पाहिजे. चाकू नेहमी उंचावरून खोलगटाकडे चालवायचा, जसं पाणी उतारावरून वाहतं. दांड्याकडून वाटीच्या मानेकडे उतरलात आणि मान ओलांडून वर चढायला गेलात की चाकू रेषेत घुसतो आणि ढलपी उपटून काढतो. मानेशी थांबा, चमचा उलटा धरा, वाटीकडून मानेकडे या. दोन्ही उतार मानेत भेटतात. नवशिक्याचे बरेचसे चमचे या मानेतच मोडतात.

वाटी कोरताना रेषेला आडवं. डाव्या काठावरून मध्याकडे, मग चमचा फिरवून दुसऱ्या काठावरून मध्याकडे. काठाशी ३ मिलिमीटर जाडी राहू द्या, खोली एक सेंटीमीटरच्या आतच. जास्त खोल वाटीतलं वरण ओठाने निघत नाही, तळाशी राहतं. जाडी पाहायला मी अंगठा आत आणि तर्जनी बाहेर धरून चिमटीत फिरवतो. आकड्यापेक्षा बोटांना लवकर कळतं.

इतकं झालं की आठवडाभर कुटारात. वाळल्यावर ताजी धार लावून वरवरचे पातळ पापुद्रे काढायचे. हा शेवटचा हात असा असतो की पापुद्र्यातून उजेड दिसतो, आणि कापलेली जागा आपोआप चमकते.

पहिल्याला सहा-आठ तास लागतील. मला आता दोन लागतात.

पॉलिश पेपर मारायचा की नाही?

मी खायच्या चमच्याच्या वाटीला मारतो, दांड्याला नाही. दांड्यावर चाकूच्या खुणा हाताला बऱ्या वाटतात. मारायचा असेल तर पूर्ण वाळल्यावरच, १२०, २४०, ४०० या क्रमाने. मध्ये एकदा चमचा पाण्याने ओला करा. रोवे, म्हणजे लाकडाचे बारीक तंतू, उभे राहतील, ते वाळल्यावर पुन्हा घासा. नाहीतर पहिल्याच दिवशी वरणात गेलेला चमचा जिभेला खरखरीत लागतो आणि दोष लाकडावर येतो.

हात कापला तर?

स्वच्छ फडक्याने दाबून धरा, हात छातीच्या वर उचला, दहा मिनिटं उघडून पाहू नका. खोल असेल तर हळद भरत न बसता प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा, टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. कापू नये म्हणून: चाकू मांडीच्या दिशेने कधीच नाही, कोपर बरगडीला टेकवून ठेवा म्हणजे हात पुढे पळत नाही, आणि चाकू धरलेल्या हाताच्या अंगठ्याला जुन्या चपलेच्या कातड्याची टोपी शिवा. सायकलच्या ट्यूबची टोपी कामाची नाही, चाकू तिच्यातून आरपार जातो. कुऱ्हाडीच्या वेळी आसपास पोट्टे नकोत.

तेल कोणतं लावायचं?

जवसाचं, कच्चं, घाणीचं. जवस आपल्याकडचीच, चटणीला घरात असतेच. हे तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन लाकडातच घट्ट होतं. शेंगदाण्याचं तसं होत नाही, ते ओलंच राहतं आणि महिन्याभरात खवट वास मारतं. खोबरेल खवट व्हायला वेळ लागतो पण तेही घट्ट होत नाही, धुता-धुता निघून जातं. हार्डवेअरच्या दुकानातलं "बॉइल्ड" जवस तेल खायच्या भांड्याला नको, लवकर वाळावं म्हणून त्यात धातूंची रसायनं असतात.

चमचा तेलात चिंब करा, अर्ध्या तासाने पुसून काढा, दोन-तीन आठवडे हवेशीर ठेवा. घाई केली तर भाताला जवसाचा वास येतो.

आणि हे नीट वाचा. तेल पुसलेलं फडकं बोळा करून टाकायचं नाही. जवस तेल वाळताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडत नाही. मी एकदा असा बोळा डब्यात टाकून झाकण अर्धवट लावलं होतं. तासाभराने डब्याला हात लावला तर चटका बसला. मेमधल्या आपल्या घरात, शेजारी पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा, ढीग असताना, आग लागायला याहून जास्त काही लागत नाही. फडकं तारेवर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.

जंगलातून लाकूड आणलं तर चालतं का?

नाही. वनजमिनीवरून परवानगीशिवाय फांदीही तोडायची नाही, आणि मेळघाट-ताडोबाकडचे असाल तर कायद्याआधी वाघाचा विचार करा. स्वतःच्या वावरातल्या झाडांनाही नियम आहेत. १९६४ च्या महाराष्ट्राच्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ अशी झाडं आहेत. ती आपली असली तरी परवानगीशिवाय पाडता येत नाहीत. चमच्यासाठी झाड पाडायची गरजच नाही म्हणा. पावसाळ्याआधी विजेच्या तारांखालच्या फांद्या छाटतात, त्या रस्त्याकडेला पडून असतात. विचारून दोन उचलायच्या.

मुलांना शिकवावं का? कोणत्या वयापासून?

माझा पुतण्या नऊ वर्षांचा असताना बसला. कुऱ्हाड नाही, फक्त चाकू आणि शिवणीचा मऊ तुकडा, तोही मी शेजारी असतानाच. स्वीडनमध्ये एकोणिसाव्या शतकापासून शाळेत मुलांना लाकूडकाम शिकवतात, त्याला स्लॉइड म्हणतात. आपल्याला त्याचं नवल वाटायला नको. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये गांधीजींनी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत हाताच्या कामातून शिक्षण मांडलं, त्यातून सेवाग्रामची नई तालीम उभी राहिली. आता वर्ध्याच्याच शाळांतल्या पोरांना विळी धरू देत नाहीत.

चमचा वापरताना काय जपायचं?

खरकट्या भांड्यांत रात्रभर बुडवून ठेवायचा नाही, बाकी तो नाजूक नाही. हळदीने पिवळा होणारच. दोन दिवस उन्हात ठेवला की पिवळेपणा बराच उडतो, हळदीचा रंग उन्हाला टिकत नाही. यावेळी चालतं, चमचा आता वाळलेला आहे. पावसाळ्यात काळे ठिपके आले तर लिंबू-मिठाने घासा, उन्हात वाळवा, पुन्हा तेल. सावजी रश्श्यात चाटू वापरणाऱ्यांनी तो चाटू खिरीला वापरू नये, एवढंच.

विकून पैसे मिळतात का?

आठवडी बाजारात नाही. तिथे स्टीलच्या पळीशेजारी तुमच्या दोन तासांची किंमत कोणी करत नाही. शहरातल्या प्रदर्शनात गिऱ्हाईक मिळतं. आंध्रात नेल्लोर जिल्ह्यातल्या उदयगिरीला लाकडी चमचे-काट्यांवर घरं चालतात, पण तो त्यांचा पिढ्यांचा धंदा आहे. मी लग्नात अहेर म्हणून देतो. पाकिटातले शंभर-दोनशे वाचतात, आणि लोक नाव काढतात.

तुमचा तो तडकलेला पहिला चमचा कुठे आहे?

ढेपेच्या डब्यात. आई रोज त्यानेच गाईची ढेप मोजते, एका वेळेला पाच चमचे. चीर आता इतकी रुंद झाली आहे की पाचाचे सहा करावे लागतात.